उन्हात वाळत घातलेल्या बाटल्या

फ्रीजचं दार सताड उघडं होतं आणि ते आपोआप मिटू नये म्हणून कुणीतरी मध्ये लाकडी पळी आडवी लावली होती. अराबाने आधी ती पळी पाहिली. मग आतला कोरडा पांढरा रिकामेपणा पाहिला. जाळ्या धुऊन भिंतीला टेकवल्या होत्या, भाजीच्या खणात जुन्या चादरीचं फडकं अंथरलं होतं आणि सगळीकडून खाण्याच्या सोड्याचा वास येत होता. भेंड्या नव्हत्या. मिरचीचं वाटण नव्हतं. भेंड्यांखाली दडवलेला आइस्क्रीमचा निळा डबाही नव्हता. काळजात धस्स झालं असं म्हणायची पद्धत आहे, पण तिला पहिल्यांदा आली ती लाज. अंगावर चर्चच्या मंडळीने दिलेलं नवंकोरं कापड, गळ्यात मण्यांच्या तीन माळा, हातात निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ, आणि अशा थाटात आपण एका रिकाम्या फ्रीजसमोर तोंड उघडं टाकून उभ्या आहोत, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, हे तिच्या मनात आधी आलं. घड्याळात कुणीतरी उत्साहाने सेलही घालून दिला होता. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. औषधाची सुई संध्याकाळी साडेसहाला टोचून घ्यायची होती, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

मागच्या अंगणात मान्सामावशी तिवईवर बसून झाकणं पुसत होत्या. सत्तरीची बाई, सेकोंडीच्या बंदरावर मासे धुरावून विकण्यात सगळा जन्म गेला, हात अजून लोखंडासारखे. त्यांच्या पुढ्यात मोठी ॲल्युमिनियमची परात, परातीत चमचे, बरण्यांची झाकणं, अराबाच्या लेकीचा, एकुआचा, दूध प्यायचा जुना पेला, आणि एका कडेला, शाळेतल्या पोरांसारख्या ओळीत, चार बारक्या काचेच्या बाटल्या. दोन आठवडे आभाळ भरलेलं होतं. समुद्रावरून गार वारा येत होता आणि कपडे वाळता वाळत नव्हते. नेमकं त्या दिवशी ऊन पडलं होतं, आणि पडलं होतं तेही कसलं, परातीकडे बघवत नव्हतं. मावशींनी वर पाहिलं आणि तोंड भरून हसल्या. म्हणाल्या, “बघा बाई, कशा लखलखीत केल्यात. वरचे कागद काही केल्या निघत नव्हते, साबणाच्या गरम पाण्यात भिजत टाकल्या तेव्हा सुटले. कसला बुळबुळीत गोंद तो.” बाटल्या कसल्या आहेत हे त्यांनी विचारलं नाही. पाळकाच्या बायकोच्या फ्रीजमधल्या वस्तूंची चौकशी करणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. निळ्या टोपणाची बाटली ओळीत शेवटची होती. अराबाने ती उचलली, आणि ती चुलीवरून उतरवलेल्या अंड्याइतकी गरम लागली. “फार छान झालंय, मावशी,” ती म्हणाली. आणखी काय म्हणणार?

चूक म्हणायची तर कुणाची म्हणायची? बदली झालेल्या पाळकाच्या बायकोने निघायच्या दिवशी घरात झाडू धरायचा नाही, ही त्या किनाऱ्यावरची रीत. तिने केर काढला तर गावाची बरकत सोबत झाडून नेते म्हणतात. त्यामुळे त्या दिवशी मिशन बंगला महिला मंडळाच्या ताब्यात, आणि तिने मात्र सभागृहात खुर्चीवर नटूनथटून बसायचं, भाषणं ऐकायची. खाटा मिशनच्या, टेबल मिशनचं, फ्रीज मिशनचा. येणाऱ्या पाळकाला तो कोरडा आणि दार उघडं ठेवून द्यायचा, नाहीतर मंडळाची नाचक्की. हे सगळं अराबाला तोंडपाठ होतं, आधीच्या तीन गावांत तेच झालं होतं. ती बेत करूनच बसली होती. साडेदहाला भाषणं आटपतील, मग आपण काहीतरी निमित्त काढून बंगल्यावर जाऊ, बाटल्यांचा निळा डबा उचलू, बर्फाच्या थर्मासमध्ये घालू. थर्मास पलंगाखाली तयार होता. पण साडेदहाला मंडळीच्या मुख्य कारभाऱ्यांचं भाषण सुरू झालं, आणि त्यांनी नोहापासून सुरुवात केली. नोहा, अब्राहाम, याकोब, सगळे कसे देवाच्या आज्ञेने एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले, तेव्हा आपल्या पाळकसाहेबांनी कोफोरिडुआला जायचं दुःख मानू नये. अब्राहामाची बायको साराही गेली, ते म्हणाले, आणि तिलाही देवाने म्हातारपणी मूल दिलं. एवढं म्हणून त्यांनी प्रेमाने अराबाकडे पाहिलं, दोनशे माणसांनी पाहिलं, आणि तिने मान खाली घालून हसू आणलं. उठून जायची सोयच उरली नाही. त्याच वेळी बंगल्यात साबणाचं पाणी गरम होत असणार.

आधीच कुणाला सांगितलं असतं तर? सांगून पाहिलं होतं की. पहिल्या गावी, ॲक्सिमला, एकुआ दोन वर्षांची असताना, दुसरं राहत का नाही म्हणून तिने डॉक्टरला दाखवलं आणि एका बाईजवळ, एका जिवाभावाच्या मैत्रिणीजवळ, मन मोकळं केलं. पुढच्याच रविवारी ती मैत्रीण उपासनेत उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून, डोळ्यांतून पाणी काढून, आमच्या पाळकबाईंची कूस उघड प्रभू, म्हणून प्रार्थना करू लागली. सगळी मंडळी आमेन म्हणाली. तिचा हेतू सोन्यासारखा होता, त्यात खोट काढता येत नव्हती, तेच तर वाईट. त्यानंतर तीन वर्षं ॲक्सिममध्ये लोक आधी तिच्या पोटाकडे बघत आणि मग तोंडाकडे. बाजारात मासेवाली तिला दोन मासे जास्त घालायची आणि डोळ्यांनी विचारायची. अराबाने तेव्हाच शपथ घेतली की पुन्हा कुणाला म्हणून सांगायचं नाही. मग वा नावाच्या गावी गेले तेव्हा ती गप्प राहिली. ओबुआसीला गेले तेव्हा गप्प राहिली. आणि गप्प बसायची सवय अशी असते की ती घरात एकट्या माणसाला लागत नाही, सगळ्या घराला लागते.

तिला गावं आठवायची ती बंगल्यांवरून, आणि बंगले आठवायचे ते तिथे काय हातचं गेलं त्यावरून. वा गावचा बंगला म्हणजे पत्र्याचं छप्पर, धूळ, आणि क्लिनिक एक दिवसाच्या बसच्या वाटेवर. तिथे नऊ महिने नुसत्या तपासण्या झाल्या, उपचार सुरू व्हायचे तेवढ्यात बदलीच्या यादीत तिच्या नवऱ्याचं, कोबिनाचं नाव आलं. ओबुआसीचा बंगला म्हणजे मागची पपई, आणि कुमासीच्या डॉक्टरांनी पोटात ठेवलेले दोन गर्भ, जे अकरा दिवस राहिले. त्या अकरा दिवसांत ती स्वयंपाकघरातून अंगणातही पाय जपून टाकत होती, आणि बाराव्या दिवशी पपईखाली कपडे वाळत घालताना तिला कळलं. संध्याकाळी बायबल वर्ग होता, चाळीस माणसांना चहा करायचा होता, तिने केला. दर गावी नवा डॉक्टर, नवी फाइल, आणि पहिला प्रश्न तोच, पहिल्यापासून सांगा. ती पहिल्यापासून सांगायची. सांगून सांगून तिचं स्वतःचं दुःख तिला पाठ केलेल्या धड्यासारखं वाटायला लागलं होतं. आणि दर गावी निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ. कोण जाणे का, पण पाळकाला निरोप द्यायचा म्हणजे घड्याळच द्यायचं असं सगळ्या देशाने मिळून ठरवल्यासारखं होतं. चार गावांची चार झाली होती. कोबिना थट्टेने म्हणायचा, आपल्याकडे वेळ भरपूर आहे. ओबुआसीनंतर त्याने ही थट्टा बंद केली. आता ती बेचाळीसची होती, आणि अक्राच्या डॉक्टरांनी या खेपेला स्वच्छ सांगितलं होतं की हे शेवटचं. यानंतर सुया देऊनही बीजं धरणार नाहीत. शुक्रवारी त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं होतं, सात बीजं, गोल, काळी, द्राक्षांसारखी. शनिवारी साडेसहाला निळ्या टोपणाची सुई घ्यायची, ती त्यांना सोडवते. सोमवारी पहाटे अक्राला यायचं, आपण काढून घेऊ. मंगळवारी डॉक्टर परदेशी निघणार होते.

तिने बाथरूममध्ये कडी लावून नर्सला, सिस्टर गिफ्टीला, फोन लावला. शनिवार म्हणजे अख्ख्या देशात अंत्यविधींचा दिवस, गिफ्टी केटाला आपल्या चुलत्याच्या अंत्यविधीला गेली होती, आणि पलीकडून ढोल आणि बायकांचं गाणं इतकं मोठ्याने येत होतं की अराबाला कुजबुजून काही सांगता येईना. शेवटी ती ओरडूनच म्हणाली की औषध उन्हात राहिलं. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. किती वेळ, गिफ्टीने विचारलं. अकरापासून असेल, अराबा म्हणाली, आणि त्याआधी गरम पाण्यात. गिफ्टी गाण्यापासून लांब चालत गेली, ते आवाज कमी होत गेल्यावरून कळलं. क्लिनिक बाराला बंद झालं होतं, औषधांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो व्होल्टा नदीपलीकडे त्याच्या गावी होता. गिफ्टीने चार दुकानांना फोन लावले, अर्ध्या तासाने परत फोन करून सांगितलं की दोघांकडे ते नाहीच, एकाकडे सोमवारी येईल, एक उचलत नाही. उद्या घेतली तर? उद्या घेऊन चालणार नाही ताई, ती बीजं तयार झालीत, ती तुमची-माझी वाट बघत बसणार नाहीत. मग गिफ्टी नर्सच्या आवाजात नाही, साध्या बाईच्या आवाजात म्हणाली, “घ्या तीच. खराब झाली असेल तर ते पाणी आहे, पाण्याने काही बिघडत नाही. आणि नसेल झाली तर नसेल झाली.” अराबाने मान हलवली, जणू गिफ्टीला ते दिसणार होतं.

बाहेर आली तो फाटकाशी नव्या पाळकांचा ट्रक येऊन उभाच होता. बदल्यांच्या शनिवारी सगळ्या देशात हेच चाललेलं असतं, एकाचा ट्रक निघतो, दुसऱ्याचा येतो, रविवारी प्रत्येकाने आपापल्या नव्या व्यासपीठावर उभं राहायचं. नवी पाळकबाई लहानखुरी, घामाघूम, कडेवर पोर. तिने फ्रीज पाहिला आणि मावशींना म्हणाली, किती स्वच्छ ठेवलाय हो. दहा मिनिटांत तिने पळी काढली, दार लावलं, बटण दाबलं. फ्रीज गुरगुरायला लागला. मावशींनी उरलेल्या तीन बाटल्या मऊ फडक्यात एकेक वेगळी गुंडाळून अराबाच्या पिशवीत मधोमध ठेवल्या, वर टॉवेल घातला. निळ्या टोपणाची तिच्या मुठीत होती. मग मावशींनी तिचे दोन्ही हात धरले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की मी भाषण करणारी बाई नव्हे, पण तुम्ही माझ्या नवऱ्याच्या मरणात आठ दिवस माझ्याकडे येऊन बसला होता, ते मी विसरले नाही, म्हणून आज तुमची एकही वस्तू मी दुसरीला धुऊ दिली नाही. हे ऐकून अराबाला रडू आलं, खरोखरचं, आणि सगळ्यांना वाटलं की बाईंना गाव सोडवत नाहीये. खरं तर त्या क्षणी तिला या म्हातारीचा असा संताप आला होता की तिचे हात झिडकारून द्यावेत, आणि त्याच वेळी तिच्या खांद्यावर डोकं टेकून मटकन बसावं असंही वाटत होतं. तिने यातलं काहीच केलं नाही.

कोबिनाला गाडीत बसल्यावर सांगितलं. पुढे ट्रक, मागे त्यांची जुनी गाडी, मांडीवर घड्याळ, कारण ते ट्रकमध्ये फुटेल म्हणून कारभाऱ्यांनी हातात दिलं होतं. तो उंच, शांत माणूस, मंडळीतल्या दुःखांना त्याच्याकडे नेहमी शब्द असायचे. आता त्याने नुसती गाडीची गती कमी केली आणि विचारलं, घ्यायची का? ती म्हणाली, घ्यायची. देवाचं नाव त्याने काढलं नाही, याबद्दल ती त्या दिवशी त्याची जन्माची ऋणी झाली. केप कोस्ट मागे पडलं. मागच्या सीटवर एकुआ आपल्या बुटांची पिशवी पोटाशी धरून बसली होती. नऊ वर्षांत चौथी शाळा मागे टाकणारी पोर, ती बूट कधी ट्रकमध्ये जाऊ देत नसे. आणि नवीन गावी दुसरं वर्ष लागेपर्यंत मैत्रीण करायची नाही असा तिचा स्वतःचा नियम होता. अराबाला अचानक आठवलं की भाषणांच्या वेळी ही सभागृहात नव्हती. तिने मागे न वळताच विचारलं, “तू सकाळी कुठे होतीस गं?”

“बंगल्यावर. मान्सामावशींना मदत करत होते.”

“बाटल्या धुताना?”

“साबण मीच दिला,” एकुआ म्हणाली. मग, अगदी सपाट आवाजात, “मला माहीत होतं त्या थंड ठेवायच्या असतात. पण तू म्हणाली होतीस, कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. मारलं तरी सांगायचं नाही.”

असं ती म्हणाली होती, अगदी याच शब्दांत. दहा दिवसांपूर्वी पहिली सुई घेताना पोरीने दार उघडलं होतं, तेव्हा तिला जवळ ओढून अराबाने हसत हसत, गुदगुल्या करत सांगितलं होतं, मारलं तरी नाही बरं का. आणि ही पोर परातीशेजारी उभी राहून, एकेक कागद सुटून पाण्यावर तरंगताना बघत, ओठ घट्ट मिटून राहिली होती. किती वेळ राहिली असेल? शहाणी पोर, आईचं ऐकणारी. आपण हिला नवव्या वर्षी आपल्यासारखी करून ठेवली, हे अराबाला इतकं लख्ख दिसलं की त्यापुढे ती सात काळी द्राक्षंसुद्धा क्षणभर पुसली गेली. मागून एकुआने विचारलं, “सांगायला हवं होतं का?” गाडीत घड्याळाचा टकटक आवाज येत होता. “नाही गं,” अराबा म्हणाली, “तू बरोबर केलंस. त्या बाटल्या धुतल्या तरी चालतात.” कोबिनाने तिच्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे पाहिलं.

विनेबाच्या फाट्यावर केंकी, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बायांच्या रांगेमागे त्यांनी गाडी उभी केली. ट्रक पुढे गेला. केळीच्या पानांत बांधलेली गरम केंकी, तळलेले मासे, डिझेल, सगळ्याचा मिळून तो वास, आणि सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं. अराबाने एकुआला सांगितलं की जा, तीन केंकी घेऊन ये, मिरची वेगळी बांधून माग. कोबिनाने बाटलीतली पूड पाण्यात मिसळली. सुई भरल्यावर त्याने ती उजेडापुढे धरून इतका वेळ पाहिली की तिला म्हणावंसं वाटलं, काय दिसणार आहे त्यात? औषधही पाण्यासारखंच दिसतं, पाणीही. तिने नवं कापड बाजूला केलं. सेकोंडीच्या बायकांनी ते मुद्दाम आईमागून चाललेली बदकांची पिल्लं छापलेलं निवडलं होतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. सुई टोचली, चुरचुरली. चुरचुरली म्हणजे औषध अजून जिवंत असेल, असं तिला वाटलं आणि ती त्या चुरचुरीला धरून बसली. एकुआ केंकी घेऊन आली. त्यांनी गाडीतच खाल्लं.

रविवारी कोफोरिडुआच्या मंडळीसमोर तिला उभं केलं. दहा दिवसांच्या सुयांनी पोट टम्म फुगलं होतं, कापड कितीही सैल नेसलं तरी लपत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोटाकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर असं कौतुक पसरलं की एक जण उठून लगबगीने खुर्चीच घेऊन आली. बसा बाई, तुम्ही उभ्या राहू नका. अराबा बसली. आभार मानले. सोमवारी पहाटे अक्राला डॉक्टरांनी अर्धा तास शोधलं. गुंगी उतरली तेव्हा गिफ्टी तिच्या पायांवर पांघरूण नीट करत होती, आणि तिने ते दोनदा नीट केलं, तेव्हाच अराबाला कळलं. सातांतून एकही सुटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले की कधी कधी असं होतं, सुई लागूच होत नाही. ते भले गृहस्थ होते, त्यांनी तिचा खांदा थोपटला. कोबिना बाहेर बाकावर तिची चप्पल हातात घेऊन बसला होता. तो उठला आणि ती चप्पल त्याने वाकून तिच्या पायांपुढे ठेवली. परतीच्या दोन तासांत दोघं बोलले ते एकुआच्या नव्या शाळेच्या गणवेशाबद्दल.

नव्या बंगल्याच्या स्वयंपाकघरातही फ्रीज होता, कोरडा, दार उघडं, कुणीतरी तितक्याच मायेने पुसलेला. तिने अजून तो सुरू केला नव्हता. मंगळवारी दुपारी ती त्याच्यासमोरच्या खोक्यातून ताटं काढत होती आणि एकुआ दारात बसून पुस्तकांना कव्हरं घालत होती, तेव्हा फोन वाजला. मान्सामावशी. फोनवर त्या नेहमी ओरडून बोलत, सेकोंडीहून हाक मारल्यासारख्या. प्रवास कसा झाला, हवा मानवली का, नवीन पाळकबाई बरी आहे पण सूप पातळ करते, सगळं सांगून झालं. मग त्या म्हणाल्या की तुम्ही गेल्यापासून माझ्या जिवाला एकच घोर लागलाय.

“त्या बारीक बाटल्या हो. मी फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवल्या होत्या खऱ्या, पण रस्ता तो असला. पोचल्या ना नीट? फुटली तर नाही ना एखादी?”

कव्हराच्या कागदाचा आवाज थांबला होता. एकुआ मान वर न करता, हातात कात्री तशीच धरून ऐकत होती.

“नाही मावशी,” अराबा म्हणाली. “एकही फुटली नाही.”

आणि पोरीला ऐकू जावं म्हणून तिने ते पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.